लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, मग ती आदिकेंद्रकी का नाही?

कुळागरातली (फोंडा तालुका) · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार. माझी मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकली, पाचवीपासून सगळं इंग्रजीत. त्यामुळे घरी आमचा अभ्यास दोन भाषांत चालतो. ती प्रोकॅरिओटिक म्हणते, मी आदिकेंद्रकी म्हणते. ती युकॅरिओटिक, मी दृश्यकेंद्रकी. मी स्वतः कॉमर्सची, दहावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं, आता तिच्यामुळे उघडलंय.

परवा तिने फरकांचा तक्ता मला धडाधड म्हणून दाखवला. केंद्रक नाही, केंद्रक आहे. तंतुकणिका (पेशीला ऊर्जा देणारे मायटोकॉन्ड्रिया) नाहीत, आहेत. रायबोझोम (प्रथिनं तयार करणारे कण) ७०एस, ८०एस. आकाराने लहान, मोठी. दहाच्या दहा फरक पाठ. मग तिनेच वही मिटली आणि म्हणाली, "आई, आपल्या लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, तंतुकणिकाही नसतात. मग तक्त्याप्रमाणे ती प्रोकॅरिओटिक झाली ना?"

मला उत्तर देता आलं नाही. शिकवणीत विचारलं तर "तो अपवाद आहे, लिहून घे" एवढंच ऐकायला मिळालं. तिने लिहून घेतलं, पण तिला पटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. शिवाय हे ७०एस आणि ८०एस पाठ करून उपयोग काय, हेही कुणी सांगत नाही. मला तक्ता नको आहे, तक्ते तिच्याकडे तीन आहेत. फरकाचं मूळ कुठे आहे ते कुणी समजावून सांगेल का?

---

भिंगामागची मावशी (पेडणे) · सोमवार, पहाटे ५:५५

ताई, लेकीचा प्रश्न अगदी नेमका आहे. अपवाद म्हणून तो बंद करू नका.

मी एका उच्च माध्यमिक विद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत २९ वर्षं सहायक होते. शिकवायचं काम माझं नव्हतं. काचपट्ट्या धुणं, रंगद्रव्यं तयार ठेवणं, सूक्ष्मदर्शकं पुसून लावून देणं हे माझं काम. पण मुलं भिंगातून काय बघतात आणि वहीत काय काढतात, ते मी रोज पाहिलंय. तेच सांगते.

आधी रक्तपेशी. "केंद्रक आहे की नाही" ही ओळ पेशी आत्ता कशी दिसते एवढंच सांगते, ती कुठल्या कुळातली ते सांगत नाही. लाल रक्तपेशी आपल्या हाडांच्या मज्जेत तयार होते तेव्हा तिला केंद्रक असतं, तंतुकणिका असतात, रायबोझोम असतात. हिमोग्लोबिन भरून झालं की ती केंद्रक बाहेर टाकते, राहिलेलं सामानही मोडून काढते आणि मग रक्तात फिरायला लागते. त्यानंतर तिला नवं प्रथिन करता येत नाही, विभाजन होत नाही, सुमारे १२० दिवसांनी ती संपते. जीवाणूचं तसं नाही. त्याला केंद्रक कधी नव्हतंच, पण डीएनए पूर्ण आहे, त्यावरून प्रथिनं करणं रात्रंदिवस चालू आहे, आणि तो एकाचे दोन होतो. एकीने टाकून दिलंय, दुसऱ्याकडे मुळातच नव्हतं. आणि हे टाकून देणंही सस्तन प्राण्यांपुरतं. कोंबडीच्या, बेडकाच्या, तुमच्या घरी येणाऱ्या बांगड्याच्याही लाल रक्तपेशीत केंद्रक ठसठशीत असतं.

आता भिंगाची गोष्ट. एका वर्षी प्रात्यक्षिकाच्या दिवशी यीस्टचं पाकीट उघडलं तर ते मेलेलं निघालं, कोमट साखरपाण्यात तासभर ठेवूनही फेस नाही. आमच्या शेजारच्या भाटात रेंदेर (माडी काढणारा) सकाळी माडावरून सूर, म्हणजे माडी, उतरवायचा. मी घरी धावत जाऊन अर्धी वाटी आणली. सान्नांच्या पिठात घालतो तोच सूर. त्याचा एक थेंब काचपट्टीवर, वर आच्छादन काच, चारशे पट मोठा करून बघितला. मुलं एकदम शांत झाली. लंबगोल, टपोऱ्या पेशी, कुणाच्या अंगाला लहानगी कळी फुटलेली. हे किण्व, म्हणजे यीस्ट, ५ ते ८ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), युकॅरिओटिक. आणि त्यांच्या मधल्या जागेत बारीक काड्या आणि ठिपके, जागच्या जागी थरथरणारे. हे जीवाणू, प्रोकॅरिओटिक, एखाददुसऱ्या मायक्रॉनचे. एकाच थेंबात, एकाच साखरेवर दोघे जगतात. किण्व साखरेची दारू करतं, काही जीवाणू ती आंबवतात, आणि थोड्या दिवसांनी त्याच सुराचं विनागर होतं तेही जीवाणूंमुळेच.

(ती थरथर म्हणजे पोहणं नव्हे, हे मुलांना सांगावं लागतं. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धक्के देतात म्हणून ते हलतात. त्या थरथरीला ज्याचं नाव आहे त्या रॉबर्ट ब्राऊननेच १८३१ साली वनस्पतींच्या पेशी बघताना केंद्रकाला त्याचं इंग्रजी नाव दिलं.)

त्या दिवशी सगळ्यांच्या वहीत एकच चित्र होतं: लंबगोल पेशी, आत एक स्वच्छ गोल, आणि त्याला बाण काढून लिहिलेलं "केंद्रक". सगळ्या वह्यांवर बरोबरची खूण झाली. पण तो गोल केंद्रक नव्हता. ती रिक्तिका, म्हणजे पेशीतली पाणीदार रसाची पिशवी. हे मला नंतर कळलं, एकदा न्यूट्रल रेड या रंगद्रव्याचा थेंब घातला तेव्हा. ते द्रव्य आम्ल जागेत साठतं. बघता बघता तो "केंद्रक" लाल झाला, आणि मी खुर्ची ओढून अर्धा तास तिथेच बसले. किण्वाचं खरं केंद्रक साध्या सूक्ष्मदर्शकात रंग दिल्याशिवाय दिसत नाही. आपलं मराठी नाव "दृश्यकेंद्रकी" आहे खरं, पण दृश्य म्हणजे तुमच्या डोळ्यांना लगेच दिसेल असं नाही. ग्रीक शब्दात "कॅरिऑन" म्हणजे कवचाच्या फळातला गर. यू म्हणजे खरा, प्रो म्हणजे आधीचा. गर खऱ्या अर्थाने वेगळा बांधलेला आहे का, एवढंच ते नाव विचारतं.

आणि तो सूर माडातून येतो कुठून? पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून पोयीकडे, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याकडे, जाते, रेंदेर पोय कापतो आणि ती वाटेत गळते. त्या रसवाहिन्यांच्या चाळणनलिका जिवंत पेशींच्या असतात, आणि त्या पेशींतही केंद्रक नसतं! वाढताना त्यांनी ते घालवलेलं असतं, रसाला वाट मोकळी हवी म्हणून. शेजारच्या सहपेशी केंद्रकासकट जिवंत राहतात आणि त्यांचा सांभाळ करतात. म्हणजे लेकीच्या रक्तपेशीला माडातच सोबतीण आहे.

आता मूळ फरक. माझ्या समजुतीप्रमाणे तो पडद्यात आहे.

आमच्या गावी जत्रेला नाटक असतं. संहिता घरात बसून लिहिलेली. दिग्दर्शक पेन घेऊन काटछाट करतो. मग प्रती निघतात, मग तालमी, मग रंगमंच. युकॅरिओटिक पेशी अशी चालते. मूळ ग्रंथ डीएनए, तो केंद्रकाच्या आत. तिथे त्याची आरएनए प्रत निघते, तिथेच नको ते तुकडे कापून बाकीचे जोडले जातात, आणि तयार प्रत केंद्रकपटलाच्या छिद्रांतून बाहेर जाते. रायबोझोम बाहेर असतात, ते तिच्यावरून प्रथिन करतात. जीवाणूत हा पडदाच नाही. आरएनए निघायला लागली की तिच्या पहिल्या टोकावर रायबोझोम येऊन बसतो. शेवटचा प्रवेश अजून लिहायचा आहे आणि पहिला प्रवेश रंगमंचावर सुरूही झालाय.

यातून पुष्कळ काही निघतं. जीवाणूला वेळ लागत नाही. ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूला खाणं भरपूर असलं की तो २० मिनिटांत एकाचे दोन होतो, किण्वाला दीडेक तास लागतो. पण काटछाटीला सवड नाही. युकॅरिओटिक पेशी एकाच प्रतीचे वेगवेगळे तुकडे ठेवून वेगवेगळी प्रथिनं करू शकते, जीवाणूला ती चैन नाही. त्याचा डीएनए बहुधा एकच गोल कडं, ई. कोलायमध्ये ४६ लाख अक्षरांचं, सरळ केलं तर दीड मिलिमीटर भरेल, आणि बसलंय दोन मायक्रॉनच्या पेशीत, घट्ट वळे घालून. किण्वाचा सव्वा कोटी अक्षरांचा आहे, १६ गुणसूत्रांत वाटलेला.

आकाराचंही तेच. पेशी पाचपट रुंद झाली की आतली जागा सव्वाशे पट होते, पण बाहेरचं पटल पंचवीस पटच. जीवाणू आपल्या पटलावरच ऊर्जेचं काम करतो, मग मोठं होऊन त्याला परवडेल कसं? युकॅरिओटिक पेशीने ते काम आत घेतलं, तंतुकणिकांकडे सोपवलं. आणि तंतुकणिका म्हणजे एके काळचे जीवाणूच. जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस यांनी १९६७ साली हे मांडलं तेव्हा फार थोड्यांनी ऐकलं, आज ते पाठ्यपुस्तकात आहे. तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए आहे, आणि रायबोझोमही जीवाणूंच्या घडणीचे. जीवाणूंना कुणी मागासलेले म्हटलं की मला म्हणूनच वाईट वाटतं. आपण श्वास घेतो तो त्यांच्यासाठी.

आता तुमचं ७०एस-८०एस. एस म्हणजे वेगाने फिरवलेल्या नळीत कण किती झपाट्याने तळाला बसतो त्याचं माप, स्वेडबर्ग यांच्या नावाचं. त्यात आकारही मोजला जातो, म्हणून जीवाणूच्या रायबोझोमचे दोन भाग, ५०एस आणि ३०एस, मिळून ८० न होता ७० होतात. उपयोगाचं कुणी औषधांतलं माणूस सांगेल तर बरं.

लेकीला एक करायला सांगा. चूळ भरून लाकडी काडीने गालाच्या आतून हलकेच खरवडायचं, काचपट्टीवर पसरायचं, मिथिलीन ब्लूचा थेंब. मोठी, चपटी, फरशीच्या तुकड्यासारखी पेशी दिसेल, पन्नास-साठ मायक्रॉनची, मधोमध गडद निळं केंद्रक. मग सूक्ष्म जुळणीचा स्क्रू अगदी थोडा फिरवून त्याच पेशीच्या अंगावर बघायचं. निळे बारीक टिंबं चिकटलेले असतात. बरीच मुलं ते रंगाचा गाळ समजून सोडून देतात. ते तोंडातले जीवाणू. तिच्या तक्त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या अंगावर.

---

काउंटरच्या अलीकडे (म्हापसा) · सोमवार, दुपारी २:१५

मावशींनी औषधांचं माझ्यासाठी ठेवलेलं दिसतं. मी फार्मासिस्ट आहे, अठरा वर्षं झाली.

७०एस-८०एस हा फरक मी रोज विकतो, असं म्हटलं तरी चालेल. पावसाळ्यात शेतात चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टो होतो. तो जीवाणू. डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. ते औषध जीवाणूच्या रायबोझोमच्या ३०एस भागाला चिकटतं आणि प्रथिन करणं थांबवतं. आपल्या पेशीतल्या ८०एस रायबोझोमची घडण वेगळी, म्हणून रोगी वाचतो आणि जीवाणू थांबतो. त्या ३०एस भागाची रचना अणूअणूने उलगडली म्हणून वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ चं नोबेल मिळालं, आणखी दोघांसोबत. पेनिसिलिनचं वेगळं. ते जीवाणूची भिंत बांधू देत नाही. आपल्या पेशींना भिंतच नाही, मग तिथे ते काय बिघडवणार?

आता गजकर्ण. जून ते सप्टेंबर, ओले कपडे, घाम, रोज चार माणसं तरी काउंटरवर येतात आणि म्हणतात, "जरा स्ट्राँग अँटिबायोटिक द्या." गजकर्ण बुरशीचं. बुरशी युकॅरिओटिक, पेशीच्या हिशेबाने जीवाणूपेक्षा ती आपल्या जवळची. तिचे रायबोझोम ८०एस, तिला केंद्रक आहे. जीवाणूंची औषधं तिला लागूच पडत नाहीत. बुरशी मारायची तर तिच्यात आहे आणि आपल्यात नाही असं काहीतरी शोधावं लागतं. तिच्या पटलात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पटलात कोलेस्टेरॉल. बहुतेक बुरशीनाशकं त्या एवढ्याशा फरकावर उभी आहेत, म्हणून ती थोडी आहेत आणि आठवडे-आठवडे घ्यावी लागतात. कृपा करून स्टेरॉइड घातलेलं मिश्र मलम स्वतःच्या मनाने लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी पसरत राहते. पाठभर पसरलेली माणसं मी बघितली आहेत, त्यांत एक बाळंतीण होती.

मलेरियाचा परजीवी प्लास्मोडियमही युकॅरिओटिक आहे. तरीही डॉक्सिसायक्लिन त्यावर थोडंफार चालतं, हे मला शिकताना कोडं वाटायचं. त्याच्या पोटात एक जुनं लवक (वनस्पतीतल्या हरितलवकाच्या जातीचं अंग) आहे, हिरवेपण गेलेलं, आणि त्याचे रायबोझोम जीवाणूंच्या घडणीचे. औषध तिथे लागतं. मावशींनी सांगितलेल्या तंतुकणिकांचीच ही दुसरी कहाणी. आपल्या तंतुकणिकांमुळेही काही औषधं जपून द्यावी लागतात, लिनेझोलिड हे जीवाणूंवरचं औषध फार दिवस चाललं तर त्यांनाच बाधतं.

---

मिठागरकाठ (बार्देश) · सोमवार, रात्री ८:०५

एक भर घालतो. वरच्या चर्चेत प्रोकॅरिओटिक म्हणजे जीवाणू असं गृहीत धरलंय. तसं नाही.

आमचं पिढीजात मिठागर आहे. एप्रिल-मेमध्ये शेवटच्या कोंडींत पाणी आटून मीठ धरायला लागतं तेव्हा पाण्याला गुलाबी झाक येते. लहानपणी आजोबा म्हणायचे, रंग आला, आता मीठ उतरणार. तो रंग पुष्कळसा आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा. केंद्रक नाही, म्हणून प्रोकॅरिओटिक, पण जीवाणू नव्हेत. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोझोममधल्या आरएनएची अक्षरं ताडून बघितली तेव्हा हे तिसरं घराणं हाती लागलं. मीठ कमी झालं की हे जीव फुटून मरतात, पहिल्या पावसात आमच्या कोंडींचा रंग उतरतो त्यामागे हेही आहे.

गंमतीची गोष्ट म्हणजे डीएनएची प्रत काढणारं त्यांचं यंत्र जीवाणूंपेक्षा आपल्याशी जास्त जुळतं. २०१५ मध्ये उत्तरेच्या समुद्रतळाच्या गाळातून अशा आर्कियांचा डीएनए मिळाला, ज्यांत आपल्या पेशींच्या सांगाड्याशी नातं असलेली जनुकं आहेत. त्या कुळातल्या कुणीतरी जीवाणूला आत घेतलं आणि आपली पेशी घडली, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे तक्त्याच्या उजव्या बाजूचे आईबाप दोघेही डाव्या बाजूचे.

---

भिंगामागची मावशी (पेडणे) · सोमवार, रात्री ९:३०

बाब, बरं केलंत सांगितलंत. माझं "जीवाणू, प्रोकॅरिओटिक" हे सुरातल्या त्या काड्यांपुरतं खरं, पण वाचणाऱ्याला वाटेल की दुसरं काही नाहीच. आर्किया माझ्या काळच्या वह्यांत एका ओळीचे होते.

---

कुळागरातली (फोंडा तालुका) · शनिवार, संध्याकाळी ६:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. मी वाचून दाखवत होते, ती मध्ये मध्ये थांबवून लिहून घेत होती. नाटकाच्या संहितेचं तिला इतकं पटलं की आता ती आरएनएला "प्रत" म्हणते.

काल शाळेत गालाची पेशी केली. परवानगी मागून दुपारच्या सुट्टीत, तिची एक मैत्रीण आणि ती. टिंबं दिसली! एका पेशीवर तिने तेवीस मोजली, मग दोन चिकटलेली होती त्यावरून दोघींचा वाद झाला. वहीत चित्र काढलंय, मधलं केंद्रक एवढं मोठं आणि कडेला टाचणीच्या टोकाची टिंबं. तिचं म्हणणं, एक अख्खा जीवाणू तिच्या केंद्रकापेक्षाही कितीतरी लहान आहे हे तिने दहा वेळा वाचलं होतं, पण माहीत नव्हतं.

आता बांगड्याचं रक्त बघायचंय. उद्या रविवार, मासळी येणारच. शेजारच्या मास्तरांकडे जुना सूक्ष्मदर्शक आहे. मावशी, कसं करायचं?

---

भिंगामागची मावशी (पेडणे) · शनिवार, संध्याकाळी ७:००

बाय, मासा अगदी ताजा हवा, कल्ले लालभडक असलेला. बर्फात दिवसभर राहिलेला नको, त्यात पेशी फुटलेल्या असतात. कल्ल्याच्या बुडाशी सुईने टोचून बारीकसा थेंब काचपट्टीच्या एका टोकाला घे. दुसरी काच तिरकी धरून एका ओढीत पातळ पसर, वाळू दे, मग रंग दे आणि दोन मिनिटांनी धू. लांबट पेशी दिसतील, मध्ये केंद्रक, आपल्या गोल पेशींसारख्या नाहीत.

न रंगवता ओलं बघायचं असेल तर साधं पाणी घालू नकोस. कपभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ, त्यातला थेंब घाल. साध्या पाण्यात रक्तपेशी फुगून फुटतात, कारण त्यांना भिंत नाही. मग वेळ असेल तर मुद्दाम साधं पाणी घालूनही बघ, आणि शेजारच्या काचपट्टीवर दह्याच्या निवळीला तेच पाणी. दह्यातले जीवाणू जसेच्या तसे राहतील. म्हापशाच्या काकांनी पेनिसिलिनची जी भिंत सांगितली, ती हीच.